मालक बदलले, कसब टिकलं : कोरियाच्या ‘मांदो’ची वाटचाल

कोरियन मोटारउद्योगाची गोष्ट आपल्याकडे ह्युंदाईपासून सुरू होते आणि बहुधा ह्युंदाईपाशीच थांबते. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग यांचं नाव जगाला ठाऊक आहे. त्यांचे धाकटे भाऊ चुंग इन-युंग मात्र आपल्याला फारसे माहीत नाहीत. कोरियन गाड्यांना ब्रेक, स्टिअरिंग आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर पुरवणारी ‘मांदो’ ही कंपनी या धाकट्या भावाने उभी केली. गेल्या साठ वर्षांत हा उद्योग मोडला, विकला गेला आणि पुन्हा उभा राहिला.

इन-युंग यांचा जन्म १९२०चा. तरुणपणी ते वार्ताहर होते. इंग्रजी चांगलं असल्यामुळे कोरियन युद्धात अमेरिकन सैन्याचे दुभाषे झाले, आणि याच ओळखीतून थोरल्या भावाच्या बांधकाम कंपनीला लष्कराची कामं मिळू लागली. १९६२मध्ये त्यांनी ‘ह्युंदाई यांघेंग’ ही कंपनी काढली. पुढे सोलजवळच्या आन्यांगमध्ये कारखाना उभा राहिला आणि साठचं दशक संपता संपता तिथे गाड्यांचे सुटे भागही बनू लागले. कोरियाची स्वतःची म्हणता येईल अशी पहिली गाडी, ह्युंदाई पोनी, १९७६मध्ये बाजारात आली. देशातच गाडी घडवायची तर तिचे भागही देशातच घडायला हवेत. आन्यांगच्या कारखान्याला महत्त्व आलं ते या गरजेमुळे.

इन-युंग यांचं स्वप्न मात्र त्याहून मोठं होतं. चांगवोनमध्ये वीजनिर्मितीची अवजड यंत्रं बनवणारा प्रचंड प्रकल्प त्यांनी हाती घेतला. १९८०मध्ये लष्करी राजवटीने अवजड उद्योगांची फेरवाटणी केली आणि हा प्रकल्प त्यांच्या हातून गेला. हाती उरला तो सुट्या भागांचा धंदा. त्याच वर्षी त्याला ‘मांदो मशिनरी’ हे नाव मिळालं आणि त्याच्याच आधारावर त्यांनी ‘हाल्ला’ उद्योगसमूह नव्याने बांधला.

१९८६मध्ये फोर्डच्या भागीदारीत गाड्यांच्या वातानुकूलन यंत्रणांची कंपनी निघाली. तीच आजची ‘हानोन सिस्टिम्स’. १९८९मध्ये इन-युंग यांना पक्षाघात झाला, तरी चाकाच्या खुर्चीतून त्यांचा कारभार आणि परदेशदौरे चालूच राहिले. मांदोच्या वातानुकूलन विभागाने १९९५मध्ये ‘दिमचे’ हा किमचीसाठीचा, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांसाठीचा, खास फ्रिज बाजारात आणला. किमचीचे रांजण जमिनीत पुरून तिला थंड, एकसारख्या तापमानात मुरवण्याची कोरियाची जुनी रीत. अपार्टमेंटमध्ये रांजण पुरायला जमीनच नाही. तिथे राहायला गेलेल्या कुटुंबांची ही अडचण गाड्यांचे एसी करणाऱ्या कारागिरांनी सोडवली, आणि घरोघरी या फ्रिजची एक नवी जातच रुजली.

पण समूहाने सिमेंट आणि जहाजबांधणीतही हात घातला होता. साम्हो इथल्या गोदीसाठी अवाढव्य कर्ज उचललं गेलं आणि समूहातल्या कंपन्या एकमेकींना जामीन राहिल्या. १९९७च्या आर्थिक संकटात, डिसेंबरमध्ये, हाल्ला समूह कोसळला. मांदो स्वतः चांगली चालत होती, तरी जामीनकीने तिलाही ओढून नेलं. तिचे तुकडे झाले: गाडीच्या विजेच्या भागांचा विभाग फ्रान्सच्या व्हॅलिओकडे गेला, फ्रिज-एसीचा विभाग वेगळा विकला गेला आणि ब्रेक-स्टिअरिंगचा गाभा परदेशी गुंतवणूकदारांच्या हाती पडला.

इन-युंग २००६मध्ये वारले. मांदो परत घेण्याची त्यांची इच्छा मुलगा चुंग मोंग-वोन यांनी २००८मध्ये पूर्ण केली. २०१०मध्ये कंपनी सोलच्या शेअर बाजारात आली आणि २०२२पासून ती ‘एचएल मांदो’ झाली.

एवढ्या उलथापालथीत तगलं काय, हे कळायला तिची उत्पादनं पाहावी लागतात. प्योंगटेकमध्ये ब्रेक, वोन्जूमध्ये स्टिअरिंग आणि इक्सानमध्ये सस्पेन्शन, अशी कामाची विभागणी आहे. शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेलात सरकणारा पिस्टन खड्ड्याचा धक्का जिरवतो. तेल बारीक छिद्रांतून किती वेगाने जावं, यावर बसणाऱ्याचा आराम आणि वळणावर गाडीची पकड ठरते. एबीएस चाकांचा वेग सतत मोजतं. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू लागलं, की दाब क्षणभर सोडून पुन्हा देतं, त्यामुळे घसरणाऱ्या गाडीचंही स्टिअरिंग हातात राहतं. पॉवर स्टिअरिंगमध्ये तेलाच्या पंपाची जागा विजेच्या मोटरने घेतली. पंप इंजिनवर सतत फिरत राही. मोटर गरज असेल तेव्हाच जोर लावते, म्हणून इंधन वाचतं.

इलेक्ट्रिक गाड्यांनी पुढचा प्रश्न उभा केला. पेट्रोल इंजिनातल्या निर्वातामुळे ब्रेकच्या पेडलला जोर मिळत असे. इलेक्ट्रिक गाडीत ते इंजिनच नाही. शिवाय वेग कमी होताना मोटरने वीज परत बॅटरीत भरायची, तर मोटर आणि ब्रेक यांचा मेळ बसायला हवा. मांदोची ‘आयडीबी’ यंत्रणा पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर, मास्टर सिलिंडर आणि गाडीचा तोल सांभाळणारी नियंत्रणं एकाच संचात आणते. रडार आणि कॅमेऱ्यांचं काम आता ‘एचएल क्लेमूव्ह’ ही समूहातलीच कंपनी पाहते.

या वाटचालीत एक जोखीम कायम आहे. मांदोचा सर्वांत मोठा ग्राहक ह्युंदाई-किया आणि त्याच घराण्यातली ‘ह्युंदाई मोबिस’ ब्रेक-स्टिअरिंगमध्ये तिची स्पर्धक. म्हणून जनरल मोटर्स, फोर्ड अशा कंपन्यांची कामं मिळवणं आणि चीन, अमेरिका, भारतात कारखाने काढणं तिला भागच होतं. भारतात ती ह्युंदाईपाठोपाठ चेन्नईच्या परिसरात आली.

आता ह्युंदाईने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेतला आहे, त्यामुळे ही गोष्ट पुणे-चाकणच्या उद्योजकांनीही नीट वाचावी अशी आहे. सिमेंट आणि जहाजं यांनी समूहाचा पसारा वाढवला आणि शेवटी त्याला बुडवलंही. त्याला दोनदा उभं केलं ते सुट्या भागांनी. सरकारने कारखाना काढून घेतला, बँकांनी समूहाचे तुकडे विकले, पण ब्रेक कसा घडवायचा हे जाणणारे अभियंते आणि कामगार कामावर राहिले, म्हणून परत घेण्याजोगं काही उरलं. दुसऱ्याच्या नकाशाबरहुकूम भाग बनवून धंदा चालतो, पण नकाशा स्वतः काढता येणं हेच खरं भांडवल आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींनी आधी त्यात पैसा आणि माणसं गुंतवावीत, विस्ताराचं मग पाहावं.