साग्रांतिनोच्या ताटात काय वाढावं?

गेल्या लेखांकात आपण बारोलोचं नेब्बिओलो पाहिलं. तुरटपणात त्यालाही मागे टाकणारं द्राक्ष इटलीच्या ऐन मध्यावर, उंब्रियात पिकतं: साग्रांतिनो. टेकडीवरचं मोन्तेफाल्को आणि बेवान्यासारखी शेजारची चार गावं, एवढाच त्याचा खरा मुलूख. साल जाड, तुरटपणा देणारं टॅनिन विलक्षण आणि मद्यार्क बहुधा 14 टक्क्यांच्या पुढे. कोवळ्या साग्रांतिनोचा एक घोट घेतला की कच्ची सुपारी चघळल्यासारख्या हिरड्या आवळतात. अशा वाइनसोबत काय खावं, यावर ‘दणकट वाइनला दणकट जेवण’ असा ठोकळेबाज सल्ला मिळतो. पण जेवणाचा दणका तिखटाचा की चरबीचा, हे त्यात कुणी सांगत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. लाळेचा बुळबुळीतपणा गेला की तोंड कोरडं पडतं आणि जीभ खरखरीत होते. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात, मीठ कडवटपणा दाबतं. निखाऱ्यावर भाजलेलं कोकरू, मंद आचेवर शिजलेलं रानडुक्कर, नोर्चाचे सॉसेज, मुरलेलं पेकोरिनो चीज हे सगळं या वाइनसोबत का जमतं, ते यावरून कळतं. या द्राक्षाचा इतिहासही हेच सांगतो. कोरडी साग्रांतिनो रुळली ती 1970च्या दशकानंतर. त्याआधी पिढ्यान् पिढ्या इथे पास्सितो, म्हणजे गोड वाइन होत असे. घड तोडून निदान दोन महिने सुकवायचे, पाणी उडून साखर दाट झाली की मग रस काढायचा. आंबल्यावरही त्यात थोडी साखर उरते. ही गोड वाइन ईस्टरला कोकराच्या मांसासोबत घेतली जाई. गोड वाइन मटणाबरोबर, हे आपल्याला विचित्र वाटेल, पण तुरटपणाला साखरेनेही वेसण घालता येते हे तिथल्या लोकांना अनुभवाने ठाऊक होतं. साखर गेली तेव्हा तिचं काम काळाकडे आलं. 1992 साली या वाइनला डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. आजच्या नियमांनुसार ती 37 महिने मुरल्याशिवाय बाजारात येत नाही, त्यातले 12 महिने लाकडी पिंपात.

यावर कुणी म्हणेल, ही तर ‘जिथली वाइन तिथलं जेवण’ अशी गावप्रेमाची गोष्ट झाली. तसं असतं, तर उंब्रियातल्याच नेरा नदीचा ट्राउट मासाही साग्रांतिनोशी जुळला असता. तो जुळत नाही. टॅनिनला गुंतवण्याइतकी चरबी त्याच्या नाजूक मांसात नाही, आणि लाल वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात माशाचा उग्रपणा रेंगाळतो. दुसरा आक्षेप आपल्याकडचा: तांबड्या रश्शातही मटण आणि तवंग असतोच की! असतो, पण मिरचीची आग मद्यार्काने आणखी भडकते, त्यात टॅनिन तोंड कोरडं करतं, आणि शेवटी रस्साही हरतो, वाइनही. मिरचीला हात आखडता घेऊन भाजलेलं चरबीदार मटण मात्र चालेल. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इतके सोपस्कार मागणारी वाइन प्यावीच का? मोन्तेफाल्कोच्या लोकांनीच त्यावर तोड काढली आहे. मोन्तेफाल्को रोस्सो या वाइनमध्ये मुख्य द्राक्ष सांजोवेझे असतं, साग्रांतिनो फार तर पाव हिस्सा. रोजच्या जेवणाला ती पुरते. पण निव्वळ साग्रांतिनोची खोली तिच्यात नाही, हेही खरं.

तेव्हा सुरुवात रोस्सोपासून करा. साग्रांतिनो घ्यायचीच असेल, तर हाताशी लागेल ती सर्वांत जुन्या सालाची बाटली निवडा, आणि ताटात भाजलेलं मटण असल्याशिवाय ती उघडू नका. पुढच्या लेखांकात दक्षिणेच्या आल्यानिकोबद्दल.