दोन रेषा उमटल्या, पण गर्भ आहे कुठे?

पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर नोकरीला असलेला आमच्या शेजारचा एक तरुण गणपतीला घरी आला होता. तापाचं औषध घेताना त्यानं विचारलं, "डॉक्टरांनू, बायकांची ती लघवी तपासूची पट्टी घोडयेक चलात काय?"

दवाखान्यात हशा पिकला. पण प्रश्न चांगला होता.

गर्भ राहिला की आपण आल्याचं त्यानं आईच्या शरीराला वेळेत कळवावं लागतं. नाहीतर अंडाशयातला पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घटतं आणि गर्भ टिकत नाही. घोडीचा गर्भ हा निरोप फिरून देतो. सहाव्या दिवसाच्या सुमारास तो गर्भाशयात उतरतो आणि साधारण सोळाव्या दिवसापर्यंत घरोघर आमंत्रण द्यावं तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडतो. नेमकं कोणतं रसायन हा निरोप पोचवतं, हे शास्त्रज्ञांना अजून पुरतं उलगडलेलं नाही.

माणसाचा गर्भ असा हिंडत नाही. सहा-सात दिवसांनी तो अस्तरात रुजू लागतो आणि एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात सोडतो. वार तयार होऊन काम हाती घेईपर्यंत हेच संप्रेरक पीतपिंडाला जगवतं. ते लघवीत उतरतं आणि पट्टीवर दुसरी रेष उमटते. घोडीत एचसीजी नसतं. तिचं वेगळं संप्रेरक रक्तात दिसतं, तेही पाच-सहा आठवड्यांनी. म्हणून ही पट्टी तिला चालत नाही.

आता महत्त्वाचं. बाईच्या शरीरात हा निरोप रक्तातून जातो, म्हणून गर्भ तो कुठूनही धाडू शकतो. तो गर्भनलिकेत अडकला तरी रेषा दोनच दिसतात. गर्भ आहे एवढंच पट्टी सांगते. कुठे आहे, ते सांगत नाही. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा अशा भलत्या जागी असतात.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका वाडीतल्या सुनेनं दोन रेषा दिसताच कोणालाही न विचारता गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या. रक्तस्राव झाला, तिला वाटलं सुटलो. आठवड्याभरात ती चक्कर येऊन पडली. माझ्याकडे आणली तेव्हा चेहरा पांढराफटक, नाडी दोऱ्यासारखी. नलिका फुटून पोटात रक्त साचलं होतं. त्या गोळ्या नलिकेतल्या गर्भावर चालतच नाहीत. तातडीच्या ऑपरेशननं ती वाचली.

तेव्हा पट्टीवर दोन रेषा दिसल्या की डॉक्टरांना भेटा आणि त्यांच्या सल्ल्यानं सोनोग्राफी करून गर्भाची जागा पाहून घ्या. त्याआधी मनानं गोळ्या घेऊ नका. ओटीपोटात एका बाजूला दुखणं, थोडं थोडं रक्त जाणं, चक्कर किंवा खांद्यात कळ आल्यास सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा. वेळेत कळलं तर काही जणींना इंजेक्शननंही बरं करता येतं, ऑपरेशन टळतं.