एक पोटात, एक कडेवर

डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली की आपल्या नाशिक जिल्ह्यात शिवाराशिवारांतून एक गोष्ट हमखास दिसते. सहावा-सातवा महिना लागलेली बाई वाफ्यातून उठते, एक हात कमरेवर ठेवते, दुसरा जांघेवर दाबते आणि बदकासारखी डुलत दोन पावले टाकते. तेवढ्यात बांधावर गोधडीवर बसवलेले दीड वर्षाचे लेकरू हात वर करते, "आई, घे." ती वाकून त्याला उचलते, डाव्या कडेवर टेकवते आणि ओठ घट्ट मिटून घेते. विचारले तर उत्तर ठरलेले, "काही नाही, दिवस गेले म्हणजे दुखायचंच."

दुखते हे खरे. पण त्याला कारण आहे, आणि कारण कळले की उपायही आहे. गरोदर बायांपैकी साधारण पाचांमागे एकीला हे दुखणे होते. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते जास्त आढळते, म्हणजे नेमके घरात रांगते-चालते मूल असते तेव्हा.

कमरेची हाडे मिळून एक कडे तयार झालेले असते. पुढे ओटीपोटाच्या खाली एक सांधा आणि मागे माकडहाडाच्या वर डाव्या-उजव्या बाजूला दोन सांधे. एरवी हे सांधे जवळजवळ हलत नाहीत. गरोदरपणात अंगात जे बदल होतात त्यांनी सांध्यांना धरून ठेवणारे बंध थोडे सैल पडतात, आणि बाळंतपणासाठी ते गरजेचेच असते. मात्र सैल झालेल्या कड्यावर भार एकाच बाजूने पडला की सांधे एकमेकांवर ओढले जातात आणि कळ येते. द्राक्षबाग असणाऱ्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. मांडवाच्या ताणाच्या तारा सैल पडल्या आणि एका बाजूला घड जास्त लागले, तर अँगल कलतोच. दोष घडांचा नसतो आणि अँगलचाही नसतो, ताण सारखा राहिलेला नसतो.

म्हणून हे दुखणे ओळखायची खूण अशी की एका पायावर भार आला किंवा पाय फाकले की ते वाढते. जिना चढताना, बांध ओलांडताना, उभ्याने सलवार घालताना, अंथरुणात कूस बदलताना, मोटारसायकलवर बसताना कळ येते. कधी पुढच्या सांध्यात कट्कन वाजल्यासारखे होते. इगतपुरी-त्र्यंबककडे भात लावणाऱ्या बायांना तर हे अधिक जाणवते, कारण गुडघाभर चिखलातून एक पाय उपसून काढायचा तर तेवढा वेळ सारा भार दुसऱ्या पायावर येतो. बाळाला यापासून धोका नसतो, ही गोष्ट घरातल्या सर्वांनी ऐकून ठेवावी. पण आईचे चालणे-झोपणे अवघड होते आणि दुर्लक्ष केले तर बाळंतपणापर्यंत वाढतच जाते.

आता कडेवरच्या लेकराकडे येऊ. दीड वर्षाचे निरोगी मूल दहा-अकरा किलोचे असते. आपल्या टोमॅटोच्या भरल्या कॅरेटचे साधारण निम्मे वजन. गरोदर बाईने अर्धे कॅरेट दिवसातून वीस-पंचवीस वेळा एकाच कमरेवर टांगावे असे कोणी म्हणेल काय? मूल म्हटले की मात्र आपण ते वजन मोजत नाही. शिवाय कडेवर घेताना कंबर एका बाजूला बाहेर काढावी लागते, म्हणजे कलत्या अँगलवर आणखी घड टांगल्यासारखेच.

मुलाला घेऊ नका असे सांगणे सोपे आहे, पण ते मूल ऐकणार नाही आणि आईचाही जीव राहणार नाही. तेव्हा उचलण्याची रीत बदलावी. आईने आधी ओट्यावर, पायरीवर किंवा स्टुलावर बसावे आणि मुलाला आपल्याकडे येऊ द्यावे. दीड-दोन वर्षांचे मूल पाट किंवा उलटे घमेले पायरीसारखे ठेवले तर आपणहून मांडीवर चढायला शिकते. त्याला तो खेळच वाटतो. "आई बसली की मांडीवर यायचे" हे चार-आठ दिवसांत त्याच्या अंगवळणी पडते. न्हाऊ घालताना आईने खाली उकिडवे न बसता उंच स्टुलावर बसावे. कपडे घालताना मुलाला खाटेवर उभे करावे. अगदीच उचलायचे झाले तर दोन्ही पाय सारखे टेकवून, गुडघे वाकवून, मुलाला छातीशी मधोमध धरून उचलावे आणि लवकर खाली ठेवावे. काही भागांत मूल पाठीशी बांधतात. त्यात भार दोन्ही बाजूंना सारखा पडतो हे खरे, पण दहा किलो ते दहा किलोच. दुखणे चालू असताना तो मार्गही नको.

रात्रीचे हाल वेगळे. सैल बाजेवर मधे खड्डा पडतो आणि कूस बदलताना दुप्पट त्रास होतो. त्यापेक्षा फळीची खाट किंवा घट्ट गादी बरी. कुशीवर झोपावे, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेली गोधडी ठेवावी. वळताना गुडघे एकमेकांना चिकटवून सगळे अंग एकदम वळवावे, आधी धड आणि मग पाय असे करू नये. उठतानाही कुशीवर होऊन हातांनी रेटा देत उठावे. मूल रात्री रडले की वडिलांनी उठून त्याला आईजवळ आणून द्यावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

पाण्याचा हंडा कमरेवर घेणे या काळात बंद करावे. दोन लहान बादल्या अर्ध्या-अर्ध्या भरून दोन हातांत धराव्यात, नाही तर दुसऱ्या कोणी पाणी भरावे. पोळ्या उभ्याने न लाटता बसून लाटाव्यात, मात्र मांडी घालून बसल्याने जांघ दुखत असेल तर स्टूल घ्यावे. शौचाला उकिडवे बसताना धरायला भिंतीत खुंटी किंवा बांबू बसवून घ्यावा. मजुरांच्या पिकअपमध्ये चढताना एक पाय वर टाकून स्वतःला ओढून घेणे सर्वांत वाईट. तेथे ड्रायव्हरला स्टूल ठेवायला सांगावे.

शेतातले सर्व काम सोडावे असे नाही. थोडे चालणे-फिरणे चांगलेच असते, दिवसभर आडवे पडून राहिल्याने स्नायू उलट कमजोर होतात. कांद्याची रोपे निवडणे, जुड्या बांधणे, सावलीत बसून प्रतवारी करणे ही कामे ठेवावीत. वाकून लागवड, उकिडवे खुरपणी आणि कॅरेट उचलणे दुसऱ्यांकडे द्यावे. (औषध फवारलेल्या बागेत गरोदर बाईने विरळणीला जाऊच नये. तो वेगळा विषय आहे, पण येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

सासूबाई कधी म्हणतात, "आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत राबलो, कामाने बाळंतपण सोपं होतं." हालचालीने अंग मोकळे राहते एवढे त्यात खरे आहे, पण सैल सांध्यावर एकाच बाजूने भार टाकून कोणाचे बाळंतपण सोपे झालेले नाही. त्याच सासूबाईंनी दुपारचे दोन तास नातवंडाला सांभाळले तर त्यांच्या अनुभवाचा खरा उपयोग होईल. अंगणवाडीत मूल तीन वर्षांचे झाल्यावरच बसते, त्यामुळे लहान लेकराची जबाबदारी घरालाच उचलावी लागते. वस्तीवर एकटीच सून असेल तर शेजारच्या दोघी-तिघींनी पाळी लावावी. एकीने पोरे सांभाळावीत, बाकीच्यांनी काम करावे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यातही असा नियम होता की कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असतील तर एका बाईला त्यांना सांभाळण्याची मजुरी द्यावी. सरकारने ते काम मानले, मग आपल्या बांधावर ते काम का मानू नये?

औषधांबाबत सावध राहावे. दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या आणून घेऊ नयेत. पाचव्या महिन्यानंतर विशेषतः त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडावर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर वाईट परिणाम होऊ शकतो. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. कमरेला कोमट शेक चालतो, पोटाला देऊ नये. पोट चोळून घेणे आणि हाड बसवून घेणे टाळावे. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी हे दुखणे आपणहून सांगावे, कमरेच्या पट्ट्याविषयी आणि फिजिओथेरपीविषयी विचारावे. आशाताईंना सोबत नेल्यास बोलायला धीर येतो.

काही लक्षणे मात्र या दुखण्याची नव्हेत. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, दिवस भरण्याआधी थांबून थांबून पोट कडक होणे, ताप किंवा लघवीला जळजळ, बाळाची हालचाल कमी होणे, जोरात डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, एकच पोटरी सुजून दुखणे, पाय बधिर होणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता 108 किंवा 102 ला फोन लावून दवाखाना गाठावा.

हे दुखणे असले तरी बहुतेक बायांचे बाळंतपण नेहमीसारखेच होते. कळा सुरू होण्याआधी गुडघे न दुखता किती फाकतात ते पाहून ठेवावे आणि दवाखान्यातील सिस्टरला सांगावे, म्हणजे कुशीवर झोपून किंवा गुडघ्या-हातांवर टेकून कळा देण्याची सोय बघता येते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेकींचे दुखणे ओसरते. तरीही सांधे लगेच घट्ट होत नाहीत. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात, तेवढ्या काळात थोरल्या लेकराला कडेवर घेण्याचे काम वडिलांकडेच राहू द्यावे. त्यानंतरही चालताना दुखत असेल तर बाळाच्या लसीच्या तारखेला आईनेही स्वतःला दाखवून घ्यावे.