प्लॅस्टिकवर राग नको, काटछाट कुठे झाली ते बघा

कॅननने १९८७ मध्ये ५० एमएम एफ/१.८ ही छोटी लेन्स आणली, तेव्हा तिचं माउंट, म्हणजे कॅमेऱ्याच्या बॉडीत अडकणारं कडं, धातूचं होतं. अंतराचे आकडे दाखवणारी खिडकीही होती. १९९० च्या दुसऱ्या आवृत्तीत माउंट प्लॅस्टिकचं झालं, खिडकी गेली आणि वजन १९० ग्रॅमवरून १३० वर आलं. आतली सहा भिंगं मात्र त्याच मांडणीत राहिली. मग २०१५ मध्ये तिसरी आवृत्ती आली. धातूचं माउंट परतलं आणि भिंगांची मांडणी पुन्हा तीच! मधली पंचवीस वर्षं ती प्लॅस्टिकची लेन्स जगभर विकली जात होती आणि तिच्यावर असंख्य लोक फोटोग्राफी शिकले.

तरीही दुकानात कॅमेरा हातात घेतल्यावर हलका लागला की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. हे प्लॅस्टिक बादलीचं नसतं. ते बहुधा पॉलिकार्बोनेट असतं आणि जिथे ताकद लागते तिथे त्यात काचेचे तंतू मिसळतात. नुसतं पॉलिकार्बोनेट तापल्यावर ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावतं. तंतू मिसळले की ते प्रमाण बरंच खाली येतं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी जेमतेम २०० ग्रॅमची १८-५५ किट लेन्स पेलायला असं माउंट पुरेसं आहे. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. धातूचं माउंट असलेल्या अनेक लेन्स उघडल्या, तर त्या कड्याचे स्क्रू आत प्लॅस्टिकच्याच खुंट्यांत बसवलेले सापडतात.

खरी कात्री चालते ती नवख्याचं लक्ष जात नाही तिथे.

कॅननचा ३००डी हा २००३ चा कॅमेरा म्हणजे हजार डॉलरच्या आत आलेला पहिला डीएसएलआर. त्यातला ६३ लाख पिक्सेलचा सेन्सर त्याच कंपनीच्या महागड्या १०डी मधलाच होता. पैसे वाचवले ते बॉडीत आणि व्ह्यूफाइंडरमध्ये. १०डी मध्ये डोळ्यापर्यंत प्रतिमा सुलटी पोचवण्यासाठी भरीव काचेचा पंचकोनी प्रिझम होता. ३००डी मध्ये त्या जागी आतून पोकळ, आरसे जोडून केलेली रचना आली. प्रिझमच्या काही पृष्ठांवरून प्रकाश आतल्या आत पूर्ण परावर्तित होतो. आरशांच्या रचनेत मात्र प्रत्येक आरसा थोडा थोडा प्रकाश खातो, म्हणून चित्र काहीसं मंद दिसतं. फोटोत फरक नाही. फरक पडतो तो हाताने फोकस करू पाहणाऱ्याला.

इथपर्यंतची तडजोड मला मान्य आहे. पण २०१८ मध्ये भारतात आलेला ३००० डी पाहा. एरवी व्ह्यूफाइंडरशेजारी एक लहानशी चकती असते. ती फिरवून आपल्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे आतलं चित्र स्पष्ट करून घेता येतं. ३००० डी मधून ती चकतीच काढून टाकली. चष्मा काढून कॅमेऱ्याला डोळा लावणाऱ्याला चित्र धूसर दिसणार आणि दोष लेन्सचा आहे असं त्याला वाटत राहणार. त्याच सुमारास आलेल्या, थोड्या महाग १५०० डी मध्ये ही चकती आहे आणि माउंटही धातूचं आहे. लोक बोलले ते ३००० डी च्या प्लॅस्टिकच्या माउंटबद्दल. चकतीबद्दल बोलायला हवं होतं.

निकॉननेही हेच केलं. डी३३०० मध्ये सेन्सरपुढची काच अतिवेगाने थरथरवून धूळ झटकण्याची सोय होती. २०१६ च्या डी३४०० मध्ये ती नाही. एफ/१६ वर निळ्या आभाळाचा फोटो काढला की धुळीचे करडे ठिपके उमटतात आणि सेन्सर साफ करून घेण्याचा खर्च वापरणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

किट लेन्सची काटछाटही अशीच लपलेली असते. १८-५५ च्या बऱ्याच आवृत्त्यांत फोकस होताना पुढचं भिंगच गोल फिरतं, त्यामुळे पोलरायझर फिल्टर लावला की दर वेळी त्याची दिशा बिघडते. तिरपं ऊन अडवणारं हुड अनेकदा वेगळं विकत घ्यावं लागतं. एखादं भिंग किंचित तिरकं बसलं तर फोटोचा एकच कोपरा भुरका येतो. महागड्या लेन्समध्ये जुळणीच्या वेळी हे सुधारायला जास्त वाव ठेवलेला असतो, स्वस्त लेन्समध्ये कमी. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन लेन्समध्येही फरक निघू शकतो.

तर खरेदीला जाल तेव्हा बॉडी ठोकून पाहू नका. चष्मा काढून व्ह्यूफाइंडरमधून बघा आणि चकती शोधा. छापील मजकूर असलेल्या सपाट भिंतीचा एफ/८ वर समोरून फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून ताडून पाहा. एक कोपरा पुसट दिसला, तर दुकानदाराकडे त्याच मॉडेलची दुसरी लेन्स मागा.