कुत्र्याचा आहारपालट

वऱ्हाडांत, विशेषतः बुलढाणा जिल्ह्याच्या खेड्यांतून, कुत्र्याच्या वांट्यास ज्वारीची भाकर आणि ताक अगर दूध यावयाचें, ही जुनी रीत. शहरांतील बिऱ्हाडांतून आतां तयार कोरड्या दाण्यांच्या अन्नानें तिची जागा घेतली आहे. कधीं वय झालें म्हणून, कधीं मूत्रपिंडाचा विकार जडला म्हणून, पशुवैद्यही आहार बदलावयास सांगतात. अशा वेळीं चोखंदळ कुत्रें नव्या अन्नास तोंडही लावीत नाहीं व घरचीं माणसें बुचकळ्यांत पडतात.

हा निवळ हट्ट नव्हे. माणसाच्या जिभेवर सुमारें ९,००० रुचिकलिका असतात. कुत्र्याच्या जिभेवर अवघ्या १,७०० च्या आसपास. त्याची अन्नपरीक्षा मुख्यतः नाकानें चालते. अनोळखी वास आला कीं तें साशंक होतें. शिवाय आंतड्यांतील सूक्ष्म जंतूंची वस्ती रोजच्या अन्नास सरावलेली असते. अन्न एकाएकीं पालटलें तर ढाळ लागतात, ओकाऱ्या होतात. आणि मग त्या अन्नाचा कुत्र्यास कायमचा वीट येतो.

म्हणून पालट दहा दिवसांचा असावा. पहिले तीन दिवस तीन भाग जुनें व एक भाग नवें; पुढील तीन दिवस निम्मेंनिम्म; त्यापुढील तीन दिवस एक भाग जुनें व तीन भाग नवें; दहाव्या दिवशीं सर्व नवें. फारच चोखंदळ प्राणी असेल तर एका चमच्यापासून आरंभ करावा. दोन्ही अन्नें नीट कालवावीं, नाहीं तर तें जुनें तेवढें वेंचून खातें. वर थोडें कोमट पाणी घालावें, म्हणजे वास दरवळतो. वीस मिनिटांनीं उरलेलें अन्न मुकाट्यानें उचलावें.

भोजनाची वेळ व भांडें ठराविक असावें. इ. स. १९०४ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनीं दाखविलें कीं, ओळखीची खूण होतांच अन्न येण्यापूर्वींच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. मधल्या वेळीं कोणी लाडानें बिस्कीट दिलें तर मात्र सारी शिस्त व्यर्थ जाते. मलकापूर, खामगांव, शेगांव या पूर्णेच्या खोऱ्यांतील गांवीं उन्हाळ्यांत भूक मंदावते व ओलें अन्न लवकर आंबतें. तेथें पहांटे आणि दिवस मावळल्यावर अन्न द्यावें.

रुचीसाठीं घरचा रस्सा किंवा फोडणीचें वरण ओतण्याचा मोह आवरावा. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात. मनुका आणि चॉकलेटही त्यास विषवत् आहेत.

भूक लागली म्हणजे आपोआप खाईल, हें म्हणणें धडधाकट कुत्र्यापुरतेंच खरें. नेहमीं आवडीनें खाणारें कुत्रें जुन्या अन्नासही शिवेनासें झालें, तर तो चोखंदळपणा नसून दुखणें असण्याचा संभव आहे. दांतांचा ठणका किंवा गोचिडांमुळें येणारा ताप अशाच रीतीनें प्रकट होतो. एक दिवसभर अन्न वर्ज्य केलें, अगर सुस्ती वा ओकारी दिसली, तर पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. पिलाच्या बाबतींत तितकीही वाट पाहूं नये. मुक्या प्राण्यास तक्रार सांगतां येत नाहीं. न शिवलेलें ताट हीच त्याची तक्रार असते.