टेक अक्षरजुळणी प्रणाली आणि तिचा वापरकर्तासमाज : स्वरूप, कार्य आणि मराठीचा प्रश्न

प्रस्तावना

गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र या विषयांत संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांना ‘लाटेक’ हे नाव अपरिचित नाही. बहुतेक गणिती नियतकालिके शोधनिबंध याच प्रणालीत स्वीकारतात. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्काइव्ह’ या पूर्वप्रकाशन-संग्रहातील गणिताचे व भौतिकशास्त्राचे बहुसंख्य निबंधही तिच्याच साहाय्याने जुळविलेले असतात. मानव्यविद्या आणि वाणिज्य शाखांतील अध्यापकांचा मात्र तिच्याशी फारसा संबंध येत नाही. म्हणून प्रारंभी एवढे सांगणे आवश्यक आहे की, या प्रणालीत लेखक मजकूर आणि त्यासोबतच्या सूचना साध्या अक्षरांत टंकित करतो. ओळी कोठे तोडावयाच्या, समीकरणातील चिन्हांमध्ये किती अंतर सोडावयाचे, पृष्ठ कोठे संपवावयाचे, हे सर्व आज्ञावली ठरविते. ‘लाटेक’ हा सोयीस्कर सूचनांचा थर असून त्याच्या तळाशी ‘टेक’ ही मूळ प्रणाली आहे. कला आणि कौशल्य हे दोन्ही अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून तिचे नाव घेतलेले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या प्रणालीचे तंत्र नसून तिच्याभोवती उभा राहिलेला वापरकर्त्यांचा समाज हा आहे. टेकच्या निर्मात्याने १९९० मध्येच तिचा विकास थांबविला. त्यानंतर तिच्यात ज्या भाषा, जे फॉन्ट आणि ज्या सोयी आल्या, त्या वापरकर्त्यांच्या श्रमातून आल्या. त्यामुळे एखाद्या भाषेला या प्रणालीत काय मिळाले, हे त्या भाषेच्या वापरकर्त्यांनी किती काम केले यावर अवलंबून राहिले आहे. मराठीचा विचारही याच दृष्टीने करावा लागतो.

निर्मिती आणि स्थगिती

स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या बहुखंडी ग्रंथाचे पहिले खंड शिशाच्या खिळ्यांनी जुळविलेले होते. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीच्या वेळी मुद्रणव्यवसाय छायाअक्षरजुळणीकडे वळला होता. १९७७ च्या मार्चअखेरीस हाती आलेली मुद्रिते क्नुथ यांना इतकी निकृष्ट वाटली की, हा प्रश्न संगणकाने सोडविण्याचे त्यांनी ठरविले. वर्षभरात आटोपेल असे वाटलेले हे काम सुमारे दशकभर चालले. त्यातून टेक ही प्रणाली आणि अक्षरे रेखाटणारी ‘मेटाफॉन्ट’ ही तिची जोडीदार आज्ञावली निर्माण झाली.

क्नुथ यांनी टेक सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली, परंतु नावाबाबत एक अट घातली. तिच्यात कोणीही बदल करावा, मात्र बदललेल्या आज्ञावलीस ‘टेक’ म्हणू नये. ‘टेक’ हे नाव लावण्यासाठी त्यांनी रचलेल्या एका अत्यंत किचकट चाचणीत आज्ञावली उत्तीर्ण व्हावी लागते. १९९० मध्ये त्यांनी जाहीर केले की, यापुढे केवळ दोषदुरुस्ती होईल, नवी भर पडणार नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर आवृत्तिक्रमांकात ‘पाय’ या स्थिरांकाचा पुढचा अंक वाढतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला असून पुढील पाहणी २०२९ साली नियोजित आहे. आपल्या निधनानंतर क्रमांक ‘पाय’ हाच राहावा आणि उरलेले दोष प्रणालीचे गुणधर्म समजावेत, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. दोष दाखविणाऱ्यास ते बक्षीस देत आले असून त्याची रक्कम वाढत जाऊन ३२७.६८ डॉलरवर स्थिर झाली. येणारी पत्रे प्रथम काही स्वयंसेवक चाळतात आणि तपासून उरलेले मोजके दोषच क्नुथ यांच्यापुढे ठेवले जातात.

या स्थगितीचा लाभ मोठा आहे. तीस वर्षांपूर्वी टेकमध्ये जुळविलेला मजकूर आजही त्याच ओळींत आणि त्याच पृष्ठांत उमटू शकतो. प्रचलित शब्दलेखन आज्ञावलींची जुनी धारिका उघडताना ज्यांची तारांबळ उडालेली आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु जगाच्या गरजा थांबत नाहीत. त्या कोणी भागवावयाच्या, हा प्रश्न निर्मात्याने एका अर्थी वापरकर्त्यांच्या ओटीत टाकला.

मंडळांची घडण

‘टेक यूझर्स ग्रुप’ हे मंडळ १९८० मध्ये अमेरिकेत स्थापन झाले आणि त्याच वर्षी त्याचे ‘टगबोट’ हे नियतकालिक निघू लागले. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी या संस्थेने टेकमध्ये आरंभापासूनच रस घेतला होता. तेथील बार्बरा बीटन यांनी १९८३ पासून टगबोटचे संपादन अनेक दशके केले. पुढे युरोपात भाषावार मंडळे निघाली : फ्रेंच आणि डच भाषकांची १९८८ मध्ये, जर्मन भाषकांचे १९८९ मध्ये, पोलिश भाषकांचे १९९२ मध्ये. ही मंडळे देशांपेक्षा भाषांच्या आधारावर उभी राहिली, ही बाब महत्त्वाची आहे. याचे कारण तांत्रिक होते.

मूळ टेक इंग्रजीसाठी घडली होती. ती केवळ १२८ चिन्हे ओळखत असे. फ्रेंच किंवा जर्मन भाषेतील चिन्हांकित अक्षर अक्षर आणि चिन्ह अशा दोन तुकड्यांतून जोडावे लागे. असा जोड आला की ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची टेकची उत्तम पद्धती त्या शब्दापुरती निकामी होई. ही पद्धती फ्रँक लियांग यांच्या १९८३ च्या प्रबंधातील असून ती अक्षरसमूहांच्या आकृतिबंधांवर चालते. शिवाय एका वेळी एकाच भाषेचे आकृतिबंध वापरता येत. १९८९ मध्ये स्टॅनफर्ड येथे भरलेल्या वार्षिक सभेत युरोपीय वापरकर्त्यांनी ही अडचण क्नुथ यांच्यापुढे आग्रहाने मांडली आणि त्यांनी ती मान्य केली. टेकच्या तिसऱ्या आवृत्तीत २५६ चिन्हे आणि एकाच लेखात अनेक भाषांचे आकृतिबंध यांची सोय झाली. निर्मात्याने केलेला हा अखेरचा मोठा बदल होय. तो वापरकर्त्यांच्या मागणीतून झाला आणि मागणी करणारे संघटित होते.

त्याच सुमारास लेस्ली लॅम्पोर्ट यांनी आपल्या लाटेकची धुरा फ्रँक मिटेलबाख व त्यांच्या सहकाऱ्यांकडे सोपविली आणि १९९४ मध्ये लाटेकची नवी आवृत्ती आली. डच वापरकर्ते योहानेस ब्राम्स यांनी ‘बेबेल’ हे बहुभाषिक पॅकेज रचले. ब्रनो येथील विद्यापीठात शिकणारे व्हिएतनामी विद्यार्थी हान थे थान्ह यांनी टेकमधून थेट पीडीएफ निर्माण करणारी आज्ञावली लिहिली. पोलिश मंडळाच्या फॉन्टतज्ज्ञांनी विविध मंडळांच्या अर्थसाहाय्याने टेकच्या मूळ अक्षरवळणाचा विस्तार केला आणि त्यात व्हिएतनामी अक्षरेही आली. ही सर्व सामग्री १९९० च्या दशकाच्या प्रारंभी स्थापन झालेल्या ‘सीटॅन’ या सामायिक भांडारात ठेवली जाते. तेथे आज सहा हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. त्यांपैकी बहुसंख्य अध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी आणि व्यावसायिकांनी फावल्या वेळात लिहिलेली आहेत.

या व्यवस्थेची दुर्बलताही येथेच आहे. अनेक पॅकेजांची देखभाल एकेकटी व्यक्ती करते आणि ती व्यक्ती निवृत्त झाली की पॅकेज पोरके होते. पूर्वी मंडळाचे सभासदत्व घेतले की आज्ञावलीची तबकडी घरी येई. आता सर्व काही महाजालावरून विनामूल्य उतरवून घेता येते. परिणामी वापर वाढला तरी १९९० च्या दशकाच्या तुलनेत सभासदसंख्या घटली आहे. न्याहाळकातच लाटेक वापरणाऱ्या आजच्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या प्रबंधामागे किती जणांचे श्रम उभे आहेत, याची कल्पनाही नसते.

भारतातील मंडळ

भारतीय टेक वापरकर्ता-मंडळ १९९८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे स्थापन झाले. अर्धगटांच्या सिद्धान्तातील कार्यासाठी ओळखले जाणारे केरळचे गणितज्ञ के. एस. एस. नंबूदिरीपाद यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. या मंडळाने तयार केलेली लाटेकची प्राथमिक पाठमाला २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती भारताबाहेरही वापरली गेली. टेक यूझर्स ग्रुपची वार्षिक परिषद २००२ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये तिरुवनंतपुरम येथे भरली.

भारतात टेक जाणणाऱ्यांची वाण मुळीच नाही. जगातील विज्ञान-नियतकालिकांच्या अक्षरजुळणीचे फार मोठे काम दक्षिण भारतातील कंपन्यांमध्ये होते. परंतु हे कुशल हात प्रामुख्याने परदेशी प्रकाशकांची इंग्रजी पाने जुळवितात. भारतीय भाषांतील गणितलेखनाला त्यांचा लाभ फारसा झालेला नाही, आणि त्याचे कारण तंत्रात नसून मागणीच्या अभावात आहे असे म्हणावे लागते.

देवनागरी आणि मराठी

टेकसाठी देवनागरीची पहिली व्यापकपणे वापरली गेलेली सोय नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात झाली. फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये मेटाफॉन्टमध्ये रेखाटलेला देवनागरी फॉन्ट आणि रोमन लिप्यंतर देवनागरीत आणणारी पूर्वप्रक्रिया प्रसिद्ध केली. मूर्धन्य अक्षरासाठी रोमन अक्षरापूर्वी टिंब द्यावयाचे, अशी तिची पद्धती असे. पुढे तिची देखभाल करणाऱ्यांत युरोपीय भारतविद्यातज्ज्ञही होते. संस्कृत ग्रंथांच्या संपादनासाठी ही सोय उपकारक ठरली. मराठी अध्यापकाला मात्र आपलीच भाषा रोमन अक्षरांत टंकित करणे रुचण्यासारखे नव्हते.

२००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी ‘झीटेक’ ही आज्ञावली आणली आणि युनिकोडमधील देवनागरी थेट टंकित करणे शक्य झाले. संतोष तोट्टिंगल यांनी मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी शब्द तोडण्याचे आकृतिबंध तयार केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘शोभिका’ हा मुक्त फॉन्ट १६०० हून अधिक देवनागरी आकारांसह, वैदिक स्वरचिन्हांसह आणि काही गणिती चिन्हांसह सीटॅनवर उपलब्ध आहे. त्यातील देवनागरी अक्षरे राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ या फॉन्टवर आधारित आहेत. मराठी वापरकर्त्यांनी रचलेले मराठीचे पॅकेज आणि लाटेकची मार्गदर्शिकाही त्याच भांडारात आहे.

तथापि देवनागरी आली म्हणजे मराठी आली असे होत नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून भिन्न आहेत, पण युनिकोडमध्ये दोहोंचा संकेतांक एकच आहे. मराठी आकार फॉन्टमध्ये असावा लागतो आणि लेखाची भाषा मराठी आहे हे प्रणालीला सांगावे लागते. मराठीतील अर्ध्या ‘र’चे चिन्ह नसेल तर आचार्यांना आणि आचाऱ्यांना वेगळे काढता येत नाही. मजकुरात देवनागरी अंक आणि समीकरणात रोमन अंक अशी सरमिसळ स्वतंत्र योजना केल्याशिवाय टळत नाही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही अक्षरे मराठी वर्णमालेत अखेरीस येतात, तर संकेतांकांच्या क्रमाने लावलेल्या शब्दसूचीत ती ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात.

यांपैकी बहुतेक अडचणींवर उपाय सांगता येतो. शब्द तोडण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. उपलब्ध आकृतिबंध जोडाक्षर फोडत नाहीत आणि मात्रा अक्षरापासून वेगळी करत नाहीत. परंतु शब्दाची घडण त्यांना कळत नाही. ‘राजकारण’ हा शब्द ‘राज-कारण’ असा तुटावा ही मराठी वाचकाची अपेक्षा, तर ‘राजका-रण’ हीदेखील आकृतिबंधांच्या दृष्टीने निर्दोष तोड आहे. समास, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या सीमा कोठे पडतात हे सांगण्यासाठी आज्ञावली लिहिता येणे आवश्यक नाही. मराठी व्याकरणाचा अध्यापक ते काम अधिक चांगले करू शकतो. टेकमध्ये अशा शब्दांची अपवाद-यादी जोडण्याची सोय प्रारंभापासून आहे. इंग्रजीत आकृतिबंध चुकतात अशा शब्दांची यादी टगबोट वेळोवेळी प्रसिद्ध करीत आले असून वाचकांनी कळविलेल्या शब्दांनी ती वाढत गेली. महाविद्यालयाच्या मराठी आणि गणित विभागांनी मिळून मराठीची अशी यादी हाती घेतल्यास तिचा आरंभ दोनशे शब्दांनीही होऊ शकेल.