काळ्या समुद्रातील परका प्राणी

चंडीगढ शहराच्या ईशान्येस, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी सुखना तलाव आहे. १९५८ मध्ये सुखना चोअ या हंगामी ओढ्यावर बांध घालून तो निर्माण करण्यात आला. टेकड्यांची माती भुसभुशीत असल्याने दर पावसाळ्यात ती वाहून तलावात साचू लागली आणि त्याचे पात्र उथळ होत गेले. नागरिकांनी वर्षानुवर्षे श्रमदान करून हा गाळ उपसला. परंतु अधिक परिणामकारक ठरला तो वरच्या अंगाचा उपाय. पाणलोट क्षेत्रात झाडे लावून आणि लहान बंधारे घालून माती तेथेच अडवण्यात आली. आत आलेली वस्तू बाहेर काढण्यापेक्षा तिला दाराशीच थोपवणे सोपे असते, हा साधा धडा या तलावाने दिला.

गाळ मात्र निर्जीव असतो. तो जेवढा येतो तेवढाच राहतो. त्याला पिले होत नाहीत. बाहेरून पाण्यात शिरणारी वस्तू जर सजीव असेल, तेथील अन्न तिला मानवत असेल आणि तिला खाणारा कोणी शत्रू तेथे नसेल, तर काय घडते? या प्रश्नाचे उत्तर काळ्या समुद्राच्या अलीकडच्या इतिहासात मिळते.

या इतिहासातील मुख्य पात्र म्हणजे तळहातात मावेल एवढा एक पारदर्शक, लिबलिबीत प्राणी. त्याचे शास्त्रीय नाव निमिऑप्सिस लायडी असे आहे. तो दिसतो जेलीफिशसारखा, पण जेलीफिशच्या संघातला नव्हे. ज्या संघात त्याची गणना होते त्याला प्राणिशास्त्रात ‘टिनोफोरा’ म्हणतात. या प्राण्यांच्या शरीरावर सूक्ष्म केसांच्या फण्यांच्या आठ उभ्या रांगा असतात, म्हणून त्यांना ‘फणीधारी’ म्हणता येईल. हे केस लयीत हलवून प्राणी पाण्यातून पुढे सरकतो, आणि त्यांवर प्रकाश पडला की इंद्रधनुष्याचे रंग झळकतात. जेलीफिशच्या अंगी असणाऱ्या दंशपेशी त्याच्याजवळ नसतात. भक्ष्य पकडण्यासाठी तो चिकट पेशींचा उपयोग करतो. माणसाला त्याच्यापासून कोणतीही इजा होत नाही. पाण्याचाच एक गोळा म्हणावा असा हा प्राणी एका समुद्राची घडी विस्कटू शकेल, असे त्याच्याकडे पाहून कोणालाही वाटणार नाही.

त्याचे सामर्थ्य त्याच्या भुकेत आणि प्रजननात आहे. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणिप्लवक, हे त्याचे मुख्य अन्न. त्याबरोबर माशांची अंडी आणि नुकतीच जन्मलेली पिलेही तो गिळतो. तो उभयलिंगी असल्याने एकटा जीवही स्वतःची अंडी फलित करू शकतो, आणि अन्न मुबलक असेल तर एका दिवसात हजारो अंडी घालतो. अन्न तुटले तर तो मरत नाही. त्याचे शरीर आक्रसते आणि तो दिवस काढतो. थंड आणि उष्ण, निमखारे आणि पूर्ण खारे, अशी सर्व प्रकारची पाणी त्याला चालतात. अमेरिका खंडांच्या पूर्व किनाऱ्यावरील खाड्या हे त्याचे मूळ घर. तेथे त्याला खाणारे प्राणी असल्याने त्याची संख्या मर्यादेत राहते.

या घरातून तो हजारो मैल दूर गेला कसा? रिकामे जहाज पाण्यावर अस्थिर असते. माल उतरवल्यावर समतोल राखण्यासाठी जहाजाच्या पोटातील टाक्यांत बंदराचे पाणी भरून घेतात. यालाच ‘बॅलास्ट’चे पाणी म्हणतात. दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते सोडून दिले जाते. पाण्याबरोबर त्यातील जीवही प्रवास करतात. निमिऑप्सिस याच मार्गाने काळ्या समुद्रात आला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. १९८२ मध्ये क्रिमियाच्या किनाऱ्यालगत तो प्रथम आढळला. पुढील काही वर्षे त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९८८-८९ च्या सुमारास मात्र त्याच्या संख्येचा स्फोट झाला. काळ्या समुद्रातील त्याचे एकूण वजन त्या वेळी शंभर कोटी टनांच्या घरात असल्याचा अंदाज करण्यात आला. हा आकडा फुगलेला असल्याचे मत पुढे मांडले गेले. तथापि समुद्रभर त्याचेच साम्राज्य पसरले होते, याबद्दल दुमत नाही.

परिणाम लवकरच मच्छीमारांच्या जाळ्यांत दिसू लागला. तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्यावर ‘हम्सी’ नावाच्या लहान माशाला फार महत्त्व आहे. कोकणातील मांदेली ज्या कुळातली, त्याच कुळातला हा मासा. हिवाळा आला की त्याचे थवे किनाऱ्यालगत येतात आणि हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. १९८८ मध्ये तुर्कस्तानला सुमारे तीन लाख टन हम्सी मिळाली होती. दोनच वर्षांत हे प्रमाण एक चतुर्थांशाच्याही खाली गेले. हम्सीवर दुहेरी संकट कोसळले होते: तिचे अन्न परका प्राणी खाऊन टाकीत होता आणि तिची अंडी व पिलेही त्याच्याच पोटात जात होती.

परंतु सारा दोष त्या एका प्राण्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तो येण्यापूर्वीच काळा समुद्र दुबळा झाला होता. डॅन्यूब आणि इतर नद्यांनी शेतांतील खते व शहरांचे सांडपाणी समुद्रात आणून ओतले होते. त्यामुळे सूक्ष्म वनस्पतींची बेसुमार वाढ झाली आणि वायव्येकडील उथळ भागात तळचे पाणी प्राणवायूविना गुदमरू लागले. बांगडा, बोनिटो यांसारखे मोठे शिकारी मासे अतिमासेमारीने आधीच विरळ झाले होते. त्यातच हम्सीची मासेमारीही अमर्याद चालली होती. ज्या घराच्या भिंती खचल्या आहेत तेथे चोराला वाट शोधावी लागत नाही. परक्या जीवाचे फावते ते बहुधा अशाच ठिकाणी.

पुढे घडले ते अनपेक्षित होते. १९९७ मध्ये काळ्या समुद्रात आणखी एक परका फणीधारी आढळला. बेरो ओव्हाटा हे त्याचे नाव. तो जवळजवळ केवळ आपल्या भाईबंदांवर, म्हणजे निमिऑप्सिससारख्या फणीधाऱ्यांवरच, जगतो. तोही बहुधा बॅलास्टच्या पाण्यातूनच आला. त्याच्या आगमनानंतर निमिऑप्सिसचा उपद्रव वर्षातील थोड्या महिन्यांपुरता उरला आणि प्राणिप्लवक व माशांची अंडी पुन्हा वाढू लागली. याच काळात पूर्व युरोपातील आर्थिक घसरणीमुळे शेतीतील खतांचा वापर घटला होता. त्याचाही हातभार लागला. म्हणजे काळ्या समुद्राला जो दिलासा मिळाला, त्यात मानवी योजनेचा भाग थोडा आणि योगायोगाचा मोठा होता.

कॅस्पियन समुद्राला असा योगायोग लाभला नाही. हा समुद्र महासागरांपासून तुटलेला आहे. परंतु १९५२ मध्ये खुल्या झालेल्या व्होल्गा-डॉन कालव्याने जहाजांना तेथे वाट करून दिली. १९९९ मध्ये निमिऑप्सिस तेथे सापडला आणि थोड्याच काळात सर्वत्र पसरला. ‘किल्का’ नावाचा लहान मासा हा तेथील मच्छीमारांचा आधार. बेलुगा मासा आणि कॅस्पियन सील यांचेही ते अन्न. इराणमधील किल्काचे उत्पादन दोन-तीन वर्षांत निम्म्याहून कमी झाले. बेरोला तेथे मुद्दाम सोडावे काय, याचा विचार झाला, आणि इराणमध्ये त्यावर टाक्यांतून प्रयोगही झाले. पण कॅस्पियनचे पाणी काळ्या समुद्राहून कमी खारे असल्याने तो तेथे कितपत वाढेल, ही शंका होती. शिवाय एका परक्याला आवरण्यासाठी दुसरा परका आणणे हा जुगार असतो. सोडलेला जीव परत बोलावता येत नाही.

भारतीय किनारा या प्रश्नापासून अलिप्त नाही. मध्य अमेरिकेकडील एक लहान शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात आढळला, आणि पुढील दशकात मुंबईच्या गोद्यांतही त्याची नोंद झाली. २००० ते २००४ या काळात बॅलास्टच्या पाण्याविषयी जो आंतरराष्ट्रीय प्रकल्प राबवण्यात आला, त्यासाठी निवडलेल्या जगातील सहा ठिकाणांत मुंबई होती, तसेच काळ्या समुद्रावरील ओडेसाही होते. त्या वेळी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई बंदरातील जीवांची पाहणी केली. परका कोण हे ओळखायचे तर आधी घरचे कोण, याची यादी हाताशी हवी.

बॅलास्टच्या पाण्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये संमत झाला, परंतु अमलात येण्यास ८ सप्टेंबर २०१७ उजाडले. पूर्वी जहाजांनी खोल समुद्रात पाणी बदलावे, एवढीच अपेक्षा असे. आता पाणी गाळून आणि अतिनील किरणांनी किंवा रसायनांनी त्यातील जीव नष्ट करून मगच ते सोडावे, असा या करारातील दंडक आहे. ही यंत्रसामग्री खर्चिक आहे आणि जहाजमालकांना तो खर्च जड वाटतो. पण तुर्की किनाऱ्यावरील मच्छीमाराने हंगामामागून हंगाम रिकाम्या जाळ्यांनी जी किंमत मोजली, तीही हिशेबात धरली पाहिजे. सुखना तलावातील गाळ निदान फावड्याने उपसता येतो. समुद्रात रुजलेला जीव उपसून काढील असे फावडे अद्याप कोणी घडवलेले नाही.